बंधारा वाडीचा, गोणी कुणाच्या?

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मार्चला विहिरीचा तळ दिसतो. खापर सह्याद्रीवर: उतार उभा, जांभा सच्छिद्र, पाणी सरळ खाडीत. खरंच आहे. पण व्हाळाशी, म्हणजे ओढ्याशी, आपण कसे वागतो, हा विषय निघाला की सगळ्यांना घरची कामं आठवतात.

वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोणी रचून व्हाळात घातलेला तात्पुरता बांध, ही तशी सोपी गोष्ट. म्हणूनच तो बिघडवायला अख्खी वाडी लागते.

परतीचा पाऊस सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोणी, दाभण आणि सुतळी घेऊन श्रमदान. गोण पाऊणच भरायची. आपल्याकडे कमी भरणं म्हणजे कंजूषपणा, त्यामुळे ती तट्ट भरतात. मग ती जेवून उठलेल्या व्याह्यासारखी गोल होते, शेजारणीला टेकत नाही आणि फटीतून पाणी पळतं. पाऊण भरलेली चपटी बसते. तळातली वाळू-गोटे काढून कातळ लागला की त्यावर थर रचायचे, सांधेमोड करून (खालच्या दोन गोणींच्या सांध्यावर वरची गोण), खाली रुंद, वर अरुंद. तळ साफ करायचा कंटाळा केला, तर पाणी खालून निघून जातं आणि वर बंधारा कोरडा उभा, फोटोला उत्तम. मध्यभाग थोडा खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी तिथून सांडतं, काठ कापत नाही.

माती कुठली? काठावरची, कारण जवळ! करंज-उंबराच्या मुळांनी धरून ठेवलेली तीच. ती खणली की जुलैत काठ ढासळतो आणि खालचा डोह बुजतो. पाणी साठवण्यासाठी पाण्याची जागा भरायची, असा हा हिशेब.

पाणी साठलं की पाहुणे येतात. रिक्षा धुतात. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टाकतात, कारण ते 'वाहत्या पाण्यात' सोडायचं असतं. आपणच अडवलंय, हे कुणी सांगायचं? उन्हाळ्यात डोह आटला की एखादा मासे मारायला ब्लीचिंग पावडर ओततो. तिच्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले जळतात. खायचे चार मासे मिळतात, पण पिल्लं, झिंगे, खेकडे सगळंच मरतं.

राहिल्या गोणी. उन्हाने त्यांचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. पावसाआधी काढल्या नाहीत तर पहिल्याच पुरात चिंध्या होऊन खाडीतल्या जाळ्यांत अडकतात. त्या मेअखेरीस रिकाम्या करून, गुंडाळून ठेवायच्या. काम फक्त एका सकाळचं. पण नोव्हेंबरात फोटोला पुढे असलेले तेव्हा आंब्याच्या पेट्या भरत असतात, आणि चाकरमानी म्हणतात, "आम्ही गणपतीला आलो की बघू."