"भाऊ, मित्रासाठी पाहिजे होतं"

रात्री साडेनऊनंतर शटर अर्धं खाली आलं की आमच्या मेडिकलवर एक वेगळं गिऱ्हाईक येतं. आधी समोरच्या टपरीवर रेंगाळून दुकान रिकामं व्हायची वाट बघतं. मग पायरी चढून, आवाज खाली आणून, "भाऊ, मित्रासाठी पाहिजे होतं. लघवीला जळजळ होतेय, पू पण येतोय." 22 वर्षं काउंटरवर उभा आहे, तो मित्र अजून एकदाही दिसलेला नाही.

मित्राला दोन गोळ्या हव्या असतात. नाव व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. तो चिडून निघून जातो. परम्याचे, म्हणजे गनोरियाचे जंतू एकेका अँटिबायोटिकला दाद देईनासे झालेत, आणि सोबत बऱ्याचदा क्लॅमिडिया नावाचा दुसरा गुप्तरोग असतो, त्याचं औषध वेगळं. अर्धवट गोळ्यांनी जळजळ थांबते, जंतू मात्र राहू शकतात.

पण माझ्या मते सगळ्यात घातक समज दुसराच आहे: दुखत नाही म्हणजे काही नाही. गर्मीचा (सिफिलिस म्हणा हवं तर) पहिला फोड बहुतेकदा दुखतच नाही आणि 3 ते 6 आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस खूश, कुणाच्या तरी लेपाला गुण आला म्हणून चार जणांना सांगत सुटतो. रोग आत चालूच असतो. पुढे तळहात-तळपायांवर चट्टे येतात, तेही जातात, आणि काही वर्षांनी रोग हृदय किंवा मेंदू गाठू शकतो. बायको गरोदर असेल तर बाळापर्यंत पोचतो. वेळेत निदान झालं तर हाच रोग पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. अगदी साधं, जुनं औषध! गरोदरपणात रक्ताची व्हीडीआरएल तपासणी सांगतात ती यासाठीच. त्यात कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा नसतो.

बायकांचं दुखणं निराळं. "अंगावरून पांढरं जातंय" एवढंच त्या सांगतात, तेही माझ्या बायकोला. दरवेळी तो गुप्तरोग नसतो, साधी बुरशीही असते. पण तीच बाई तिसऱ्यांदा आली की मी विचारायला लावतो, "घरच्यांनी औषध घेतलं का?" उत्तर ठरलेलं: "त्यांना काय झालंय?" काही झालेलं दिसत नाही हे खरं, पण लक्षणं नसतानाही लागण असू शकते. क्लॅमिडियात तर बहुतेकींना काही जाणवतही नाही. अशा वेळी एकट्या तिला औषध देणं म्हणजे फुटक्या बांधाला एकाच बाजूने माती लावणं. बोल मात्र तिलाच.

बाकीचे समज पटकन उरकतो. संडासाच्या भांड्यावरून हे रोग होत नाहीत. नंतर जंतुनाशकाने धुतल्याने काही टळत नाही, उलट आतली त्वचा सोलते. "धातू जाणं" हा रोगच नाही. स्टेशनबाहेरच्या भिंतींवरचे डॉक्टर मात्र त्यावरच जगतात. कंडोम पुष्कळ संरक्षण देतो, पण गुप्तांगावरची नागीण (हर्पीस) किंवा एचपीव्ही हा विषाणू उघड्या राहिलेल्या त्वचेवरूनही पसरतात. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, त्यावरची लस आपल्या पुण्यात सीरममध्ये बनते, आणि 9 ते 14 या वयात घेतलेली सगळ्यात चांगली. एका आईने मला सुनावलं, "आमची मुलगी तसली नाही." ताई, पोलिओचा डोस पाजताना हे कुठं विचारलं होतं?

र. धों. कर्वे 1927 पासून हेच 'समाजस्वास्थ्य' मासिकातून सांगत होते. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. आणि आम्ही अजून कंडोमचं पाकीट काळ्या पिशवीत घालून देतो.

आता मी त्या मित्राला एक चिठ्ठी देतो. जिल्हा रुग्णालयातलं गुप्तरोगांचं सुरक्षा क्लिनिक, तपासणी-औषध फुकट, नाव बाहेर जात नाही. खाली 1097, एड्स हेल्पलाइनचा नंबर, फोनलाही पैसे नाहीत. गोळ्या नाही मिळाल्या म्हणून तोंड वाकडं करतो, पण चिठ्ठी चारदा घडी घालून पाकिटात, नोटांच्या मागे ठेवतो. मित्रासाठी.