तज्ज्ञांच्या घरातला टीव्ही

मालिका एकट्याने बघावी. आमच्या घरी ती अख्खं घर बघतं, आणि घरातला प्रत्येक जण कशाचा ना कशाचा तज्ज्ञ आहे. त्यामुळे कोणत्या मालिकेत कोण काय बोललं हे मला सांगता येणार नाही. त्यात काय चुकलं ते मात्र तोंडपाठ आहे.

सगळ्यात कडक आमच्या सासूबाई, सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. 'होणार सून मी ह्या घरची'तल्या जान्हवीचे दिवस भरता भरेनात, तेव्हा सगळा महाराष्ट्र व्हॉट्सॲपवर विनोद ढकलत होता. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या लेखी ती केस होती. "चाळीस आठवडे! फार तर बेचाळीस. मग सलाइन लावून कळा आणायच्या," असं त्या टीव्हीला बजावायच्या. हत्तीण बावीस महिने पोट सांभाळते, एवढंच मी म्हणालो, तर बायकोने आवाज वाढवला. टीव्हीचा नव्हे.

२०१६च्या जानेवारीत ती मालिका संपली. आता शांतता, असं वाटलं. तर फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं आणि शेजारचे सावंतवाडीचे काका खुर्ची अडवून बसू लागले. चित्रीकरण त्यांच्याकडच्या आकेरीत, म्हणजे मालकीच त्यांची. "हेल चुकलो! ही मालवणी नाय, ही दादरची मालवणी." मी भीत भीत भुताचं विचारलं. "तां आसता," काका शांतपणे म्हणाले. भुताबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

मेहुणा कोल्हापूरचा. 'तुझ्यात जीव रंगला' लागली की तो मांडी ठोकून बसे. "पैलवानाला एवढं लाजायला वेळ असतोय व्हय? पहाटं उठून जोर-बैठका मारायच्या, माती उकरायची, थंडाई घोटायची, का दाराआड उभं राहायचं?" मालिकांमधल्या बायका मध्यरात्री दागिन्यांसकट झोपेतून उठतात, ते मात्र त्याच्यासकट सगळ्यांना मंजूर. बायकोचं म्हणणं, "ते काढलं तर बघायचं काय?"

त्याच वर्षी मराठी सिनेमाला असा काही बहर आला की आम्ही सहकुटुंब थिएटरला जाऊ लागलो. तिथे तरी अंधारात लोक गप्प बसतील ही माझी आशा. १ जानेवारीला 'नटसम्राट' आला. नाना पाटेकर पडद्यावर असे तळमळत होते की पुढच्या रांगेत हुंदके सुरू झाले, आणि आमचे बँकेतले काका माझ्या कानात: "हयातीत घरदार मुलांच्या नावावर करायचंच नाही. मृत्युपत्र करायचं. आणि केलंच, तर सांभाळण्याची अट घालायची. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा, कलम २३, व्यवहार रद्द होतो." शिरवाडकरांनी नाटक लिहिलं १९७० साली, तेव्हा हा कायदा नव्हता. तेही त्यांना पटलं नाही.

मग एप्रिलअखेर 'सैराट'. आता करा काय करायच्या त्या तक्रारी, म्हटलं. करमाळ्याची भाषा अस्सल, आर्ची बुलेट चालवते ती अस्सल, हैदराबादची झोपडपट्टी अस्सल. तज्ज्ञांना बोलायला जागाच नाही. शेवटी पडद्यावरचा आवाज बंद झाला आणि खरोखर कोणीही चकार शब्द काढला नाही. तो घरी आल्यावर निघाला. "इतकं खरं कशाला दाखवायचं?" सासूबाई कडाडल्या. आयुष्यभर आठवडे मोजणारी ही बाई! बँकेतल्या काकांनी दुजोरा दिला, "पैसे देऊन जीवाला घोर लावून घ्यायचा." मेहुण्याचं मत, शेवटी नातू बघून बापाचं मन पाघळायला हवं होतं. म्हणजे नेमकं मालिकेत होतं तसं. मी हे बोलून दाखवलं. त्या रात्री मला जेवताना कोणी भाजी वाढली नाही.

नोव्हेंबरात 'व्हेंटिलेटर' पाहिला. म्हातारा आयसीयूत, बाहेर नातेवाइकांचा गोतावळा, आणि तिथेही जुने हिशेब निघालेले. सासूबाईंनी भेटायच्या वेळांवरून मालक, डॉक्टर, वॉचमन सगळ्यांना धारेवर धरलं. बाकी आम्ही मात्र परतताना गाडीत एकेका पात्रात आपली माणसं ओळखत होतो. "ती रुसणारी बाई, अगदी आपल्या आत्या!" मेहुणा उत्साहाने म्हणाला. आत्या मागच्याच सीटवर होत्या.

"काहीतरीच," आत्या म्हणाल्या, "अशा बायका खऱ्या आयुष्यात असतात का कुठे?"