हवामान खात्याला नावं ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पहिलं पथ्य म्हणजे अंदाज मुळातून वाचायचा नाही. हवामान खातं तो रोज जाहीर करतं, जिल्हावार करतं, पुढच्या चार-पाच दिवसांचा करतं आणि त्याचे पैसे घेत नाही. एवढ्यावरूनच त्यात काही राम नसणार हे सुज्ञांनी ओळखावं. तुम्ही आपलं ‘पुढचे ४८ तास धोक्याचे! या जिल्ह्यांना झोडपणार’ या मथळ्यावर भागवा. बातमी उघडलीत तर तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द डोळ्यांत घुसण्याची भीती असते, आणि ते एकदा घुसले की नावं ठेवण्यातली निम्मी मजा गेली.

ती भानगड काय आहे ते सांगून टाकतो, वाचून लगेच विसरा. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर खातं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतं. २६ ते ५० टक्के असतील तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ असतील तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ याचा सरळ हिशेब असा, की नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतच्या मुलखाचा निदान पाऊण भाग आज कोरडा राहील. हे खात्याने स्वतःच सांगितलेलं असतं. पण तुम्ही पुण्यात कोथरूडला राहता. तुम्ही ते असं वाचायचं: आज साडेचार वाजता आमच्या गॅलरीत पाऊस पडेल, असं वेधशाळेने आम्हाला कळवलं आहे. साडेचार वाजतात. गॅलरीत टिपूस नाही. झालं, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, ‘वेधशाळेचा अंदाज पुन्हा फोल’. त्याच वेळी हडपसरला गारा पडत असतील, तिथल्या मेव्हण्याने व्हिडिओही पाठवला असेल. तो बघायचा, त्याला अंगठा द्यायचा आणि मतावर ठाम राहायचं. हडपसरचा पाऊस हा हडपसरचा अंतर्गत प्रश्न आहे.

ग्रुपवर एखादा शहाणा असतोच. तो वळवाच्या पावसाचं शास्त्र काढून बसेल. तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली ओल आणि विदर्भापासून दक्षिणेकडे पसरलेला कमी दाबाचा पट्टा, हे तिन्ही जुळून आलं की दुपारनंतर ढग उभे वाढतात, दहा-बारा किलोमीटर उंच जातात. रुंदीला मात्र ते काही किलोमीटरच, आणि जगतात तास-दीड तास. सकाळी सांगता येतं ते इतकंच की आज हवा असे ढग जन्माला घालायच्या बेतात आहे. नेमका कुठे, हे तासभर आधी रडारवर दिसलं तर दिसलं. तो पुढे हेही सांगेल की २६ मे २०२५ ला ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ नावाचं नवं मॉडेल सुरू झालं, आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेलं. आधीचं मॉडेल देशाचे बारा किलोमीटरचे चौकोन करायचं, हे सहा किलोमीटरचे करतं. त्याला म्हणावं, सहा किलोमीटरच्या चौकोनात कोथरूड, एरंडवणे, डेक्कन सगळं बसतं, आम्हाला काय त्याचं? आम्हाला चौकोन गॅलरीएवढा हवा, ग्रिलसकट. या मागणीवरून एक इंचही हटू नका.

रंगांचं सोपं आहे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा, असं खात्याचं म्हणणं. आपल्याकडे यलोचा अर्थ ‘काही नाही’, ऑरेंजचा ‘बघू’ आणि रेडचा ‘उद्या शाळेला सुट्टी आहे का?’ सुट्टी मिळून ऊन पडलं तर खातं मूर्ख. सुट्टी न मिळता पोरं गुडघाभर पाण्यातून घरी आली तर खातं झोपलं होतं. दोन्ही वाक्यं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

आता उन्हाळा. इथे हत्यार एकच: गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो. गाडी पार्किंगमध्ये तीन तास उन्हात भाजून घ्यायची, मग आत बसून ४९ अंशांचा आकडा टिपायचा आणि खाली लिहायचं, ‘सरकारी आकडा ४१! कुणाला फसवताय?’ सरकारी तापमापी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवलेली असते. ती डांबराचं तापमान मोजत नाही, हवेचं मोजते, आणि जगभर अशीच मोजते. नाहीतर १९५० सालचा मे आणि यंदाचा मे यांची तुलनाच करता यायची नाही. पण सावलीत बसून ऊन मोजणाऱ्यांवर आपण का विश्वास ठेवावा? आपल्याला नागपूरचा आकडा जास्त जवळचा. मे २०२४ च्या अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. खात्याने तपासून यंत्रात बिघाड असल्याचं सांगितलं. तो खुलासा पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा, दर मे महिन्यात तारीख खोडून वापरता येतो.

उष्णतेच्या लाटेवर मुंबईकर आणि नागपूरकर यांचं भांडण लावून देणं हा आणखी एक घरगुती करमणुकीचा प्रकार. मुंबईत ३८ झालं, लाटेचा इशारा आला, की नागपूरचा भाऊ हसतो: ‘आमच्याकडे अडतीसला स्वेटर घालतात बे.’ खात्याचा निकष सपाट प्रदेशाला ४० अंशांचा, किनाऱ्याला ३७ चा, आणि दोन्हीकडे नेहमीच्या तापमानापेक्षा निदान साडेचार अंश जास्त असायला हवं. किनाऱ्यावर उंबरठा खाली का, तर दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंगातली उष्णता अंगातच राहते. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला खारघरच्या मैदानात भर दुपारी लाखो माणसं उघड्यावर बसली होती. जवळपासच्या केंद्रांवर पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. चौदा माणसं गेली. हा दाखला नागपूरच्या भावाला देऊ नका, स्वेटरचा विनोद मरतो.

यापुढचा भाग लग्नघरांसाठी. मे महिन्यातलं संध्याकाळचं रिसेप्शन, आणि तेही लॉनवर. दुपारी हवा पडलेली, पान हलत नाही, शर्ट पाठीला चिकटलेला. चारच्या सुमारास पूर्वेकडे आभाळ शाईसारखं होतं आणि मोबाइलवर संदेश येतो: पुढच्या तीन तासांत जिल्ह्यात विजांच्या कडकडाटासह पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे. याला खात्याच्या भाषेत नाऊकास्ट म्हणतात. रडारवर ढग प्रत्यक्ष दिसल्यावर काढलेला असल्यामुळे खात्याच्या सगळ्या अंदाजांत हाच सर्वांत भरवशाचा, आणि म्हणूनच हा कुणी वाचत नाही. मंडपवाल्याचा पोऱ्या कनातीच्या दोऱ्या चाचपत विचारतो, ‘काका, मागचा फ्लेक्स उतरवू का?’ काकांनी यावर आभाळाकडे न बघता म्हणायचं, ‘काही येत नाही रे. सकाळपासून सांगतायत.’ अर्ध्या तासात वाऱ्याचा पहिला झोत येतो. आधी धूळ, मग पाऊस, हा क्रम ठरलेला. वधूवरांच्या नावांची थर्माकोलची अक्षरं उडतात, ‘चि.सौ.कां.’ स्वीट कॉर्न सुपात सापडतं, जिलबीवाला कढई सोडून पळतो आणि केटररची माणसं ताटांवर टेबलक्लॉथ ओढतात. कनात फुगून खुंट्यांसकट शेजारच्या प्लॉटवर जाऊन बसते. आता काकांचं ठरलेलं वाक्य: ‘अचानक आलं हो सगळं!’

या संदेशात वाऱ्याचा वेग दिलेला असतो, तो आकडा वगळून वाचायची सवय आपल्याला आहे. आपण पाऊस येणार की नाही एवढंच बघतो, कारण पाऊस कपडे भिजवतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फूट होर्डिंग पडून सतरा माणसं गेली ती वाऱ्यात, पावसात नव्हे. महापालिकेची मर्यादा होती ४० बाय ४० ची, हे नंतर कळलं. त्याचा दोष ढगाला देता येत नाही. विजांसाठी ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, तेही पाषाणच्याच संस्थेचं. तुमच्या भोवतालच्या वीस-चाळीस किलोमीटरांत वीज पडण्याचा धोका आहे का, ते सांगतं. ते घेऊ नका. घेतलंत तर ओव्हर अर्धवट सोडून मैदानातून बाहेर यावं लागेल, आणि चिंचेखाली उभं राहण्यातली मौज हुकेल.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? चिंता नको. ‘नासाच्या शास्त्रज्ञांचा इशारा’ अशी सुरुवात असलेला फॉरवर्ड आहे. ‘इक्विनॉक्समुळे पुढचे पाच दिवस तापमान ४० वर, दुपारी बाहेर पडू नका’ हाही आहे. इक्विनॉक्स, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, २०-२१ मार्चला होऊन गेलेला असतो आणि हा संदेश मेमध्ये येतो, पण नेटवर्कला वेळ लागू शकतो. पंचांग तर आहेच. त्यात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस बरा, गाढव, कोल्हा असेल तर सांभाळून. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात मातीची चार ढेकळं मांडतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार, भोवती धान्य. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहून भाकीत सांगतात. लोक पहाटेपासून येऊन थांबतात. मला त्या माणसांची थट्टा करायची नाही. वर्षाचं पीक ज्याचं आभाळावर लटकलेलं आहे, त्याने ढेकळाकडे पाहिलं तर समजू शकतं. मौज आपली आहे. ढेकूळ चुकलं तर आपण म्हणतो, ‘श्रद्धा असते एकेकाची.’ सुपरकॉम्प्युटर चुकला तर म्हणतो, ‘आमच्या टॅक्सचे पैसे!’ शेतकऱ्याची तक्रार वेगळी आणि खरी आहे. त्याला त्याच्या शिवाराचं, त्याला समजेल अशा मराठीत, फवारणीच्या आदल्या दिवशी हवं असतं. पण त्याच्या तक्रारीवर आपण आपला फोटो कशाला लावायचा?

उरला मोसमी अंदाज. एप्रिलच्या मध्याला खातं देशाचा आकडा देतं. जून ते सप्टेंबर देशभराची सरासरी ८७ सेंटिमीटर, त्याच्या अमुक टक्के. ९६ ते १०४ म्हणजे सर्वसाधारण. शिवाय पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं हेही तिथेच लिहिलेलं. २०२३ ला ९६ सांगितले, ९४ झाला. २०२४ ला १०६ सांगितले, १०८ झाला. २०२५ ला एप्रिलमध्ये १०५ आणि मेच्या अखेरीस १०६ सांगितले, १०८ झाला. ही वर्षं लक्षात ठेवायची नाहीत. पाठ करायची ती २००२ आणि २००९. २००२ ला डॉ. वसंत गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या मॉडेलने सर्वसाधारण पाऊस सांगितला आणि १९ टक्के तूट आली. २००९ ला एप्रिलमध्ये ९६ सांगून ७८ वर थांबला. ती दोन्ही वर्षं खरोखरच वाईट होती आणि खात्यालाही ती पद्धत बदलावी लागली. बदलली हे सांगत बसू नका.

आणि टक्क्यांचा अर्थ तर मुळीच समजून घेऊ नका. देशाचे १०६ टक्के म्हणजे आमच्या तालुक्याचे १०६, धरणाचे १०६ आणि टँकरचा प्रश्न मिटला, असं धरून चाला. २०२३ मध्ये देशाचा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला, पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. हे दोन्ही एकाच वर्षी खरं असू शकतं हे मान्य केलंत तर वाद कशावर घालणार? २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत आणि पुण्यात पोचला. मुंबईत इतक्या लवकर तो १९५० पासून कधीच आला नव्हता, नेहमीची तारीख ११ जून. सगळीकडे ढोल वाजले. मग तो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत. कृषी विभाग सांगत होता, पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येऊ द्या. ही बातमी आतल्या पानावर होती. ढोल पहिल्या पानावर होते.

एक अडचण राहिली. कधी कधी अंदाज खरा ठरतो. अशा वेळी गांगरून जायचं नाही. ‘त्यात काय मोठंसं, सकाळपासून उकडत होतं, आमच्या आजीनेही सांगितलं असतं’ हे वाक्य तयार ठेवा. आजी हयात असल्यास तिला आधी विचारू नका. समजा, तुम्ही त्या वेळी शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या बसस्टॉपवर अडकला आहात. सिमल्याहून १९२८ मध्ये इथे आलेलं वेधशाळेचं कार्यालय तुमच्या पाठीशी आहे, समोर धो धो पाऊस, आणि छपराखाली चौदा माणसं, एकाकडेही छत्री नाही. शेजारच्या गृहस्थांना सहज विचारा, ‘सकाळी अंदाज होता म्हणे?’

ते पाटीकडे मान वळवतील आणि म्हणतील, ‘यांचा? यांचं कोण ऐकतं!’