स्वमत पाठ झालं का?

तुमच्या घरात एक मूल आहे आणि कपाटात चार चांगली पुस्तकं आहेत, म्हणजे धोका आहेच. सोलापुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कुणी घराबाहेर पडत नाही. त्यात वीज गेली की टीव्ही बंद, मोबाइलची बॅटरी संपलेली. अशा वेळी पोरं हाताला लागेल ते पुस्तक उघडून बसतात. वेळीच बंदोबस्त करा.

शाळेवर भरवसा ठेवा. अर्धं काम ती चोख करते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. शाळेला तेवढ्या वेळात त्यातला एक पाठसुद्धा उरकत नाही. बरं, त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा ४२. प्रार्थना झाली की आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. शाळा त्यातली एक रात्र उचलते आणि मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, पंख्याच्या खडखडाटात, ‘आकृतिबंध पूर्ण करा’ म्हणते.

‘बालभारती’ला उगाच नावं ठेवू नका. १९६७ पासून ती बिचारी पाठ बऱ्यापैकी निवडत आली आहे. खरी करामत पाठ संपल्यावर सुरू होते. त्यातही ‘स्वमत लिहा’ हा प्रश्न म्हणजे सोन्याहून पिवळा. आमच्या कन्येनं एकदा चुकून स्वतःचं मत लिहिलं: ‘श्याम पोहायला घाबरत होता तर आईने त्याला मारायला नको होते. आधी स्वतः पोहून दाखवायचे.’ चारपैकी एक मार्क. तेव्हापासून आमच्याकडे गाईडमधलं स्वमत पाठ करतात. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक येते, “स्वमत पाठ झालं का गं?”

संतकाव्याला तर हात लावायचीही गरज नाही. चोखोबा आपल्या मंगळवेढ्याचे. ऊस वाकडा असला म्हणून रस काही वाकडा नसतो, असं ते म्हणून गेले. आपल्याकडची पोरं थंडीभर कारखान्याला निघालेल्या ट्रॉल्यांमागे धावून ऊस ओढतात, त्यांना हे न सांगता कळण्याची भीती असते. म्हणून आधी शब्दार्थ, मग प्रतीक, मग काव्यसौंदर्य. तिथपर्यंत रस राहत नाही, चिपाडच उरतं.

उरलेलं अर्धं काम घरी. मोबाइल जप्त केला की लगेच “आता बस, दहा पानं वाच” म्हणा. शिक्षा म्हणून वाचलेलं पुस्तक माणूस जन्मात विसरत नाही, आणि पुन्हा उघडतही नाही. प्रत्येक गोष्टीनंतर “यातून काय शिकलीस?” हे विचारायचंच. हिराचंद नेमचंद वाचनालयात नेलंत तर पुस्तक तुम्हीच निवडा, जाडसर बघून. घरातल्या कपाटाला काच लावा, कुलूप घाला. आमच्याकडे ‘बनगरवाडी’ अजून प्लास्टिकमध्ये आहे. सांगोल्याकडचे पाहुणे आले की काचेतूनच दाखवतो, “बघा, तुमच्या माणदेशावरचं!”

एवढी सगळी तजवीज करूनही एक भोक राहतं, ते म्हणजे आज्जी.

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर चादरी पडतात. आज्जीला ना शब्दार्थ येतात, ना आकृतिबंध. ती एक गोष्ट सांगते आणि ऐन रंगात आली की “उरलेली उद्या” म्हणून कूस बदलते. हा शुद्ध घातपात आहे. परवा पहाटे कपाटाची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात नव्हती. दुपारी पोरगी माडीच्या जिन्यात सापडली. एका हातात शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी, दुसऱ्या हातात ‘श्यामची आई’.

“कितवा पाठ आहे हा? परीक्षेला आहे का?” मी दरडावलं.

“पाठ नाही बाबा, सतरावी रात्र. थांबा ना जरा.”

पुस्तक ओढून घेतलं. पहिल्या रात्रीपासून सतराव्यापर्यंत जागोजागी तेलाची बोटं उमटलेली. गाईड मात्र तिनं जपून वापरलंय, एक डाग नाही. दुकानदार निम्म्या किमतीला परत घेतो म्हणाला.