‘विचारलं तरच सांगा’ हे काही पटलं नाही

जुनी वस्तू विकताना तिचे दोष आपणहून सांगू नयेत, घेणाऱ्याने विचारलं तरच सांगावेत, नाहीतर भाव पडतो, हा जुन्या वस्तू विकण्यावरच्या तुमच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. अहो, काय विचारायचं हेच घेणाऱ्याला माहीत नसतं! गेल्या वर्षी मी जुना आयफोन घेतला. ‘एकदम नव्यासारखा’, बॉक्स, बिल, सगळं. *#06# दाबून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बिलाशी जुळवला, स्वतःला फार हुशार समजलो. घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडलं, तर डिस्प्लेपुढे ‘अननोन पार्ट’. स्क्रीन बाहेरची टाकलेली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "तुम्ही कुठे विचारलंत?"

नंतर मी आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन विकायला काढलं, तेव्हा दाराच्या रबराला गेलेली चीर फोटोत जवळून दाखवली आणि कपडे पिळताना येणारी घरघर व्हिडिओत टाकली. हजारभर रुपये कमी आले, मान्य. पण नुसतं ‘लास्ट किती?’ विचारणारे आपोआप गळाले, आणि ज्या ताई आल्या त्यांनी दारात उभं राहून घासाघीस केली नाही. लेखात फोटोंवर एवढं लिहिलंय, व्हिडिओचं नावही नाही. घरघर फोटोत कशी दिसणार?