डार्कव्हिजन आहे, तरी मशाल घ्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या कल्पित साहसांच्या खेळात काही पात्रांना डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात पाहण्याची शक्ती, असते. ‘पार्टीत (पात्रांच्या टोळीत) सगळ्यांना डार्कव्हिजन असेल तर मशाली कशाला? अंधारात लख्ख दिसतं, अंगातली ऊब दिसते, जादूचा काळोखही अडवत नाही.’ हा सल्ला नव्या खेळाडूंना सर्रास दिला जातो. खेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकापुढे यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘लख्ख दिसतं.’ मुळीच नाही. डार्कव्हिजन अंधाराचा अंधूक उजेड करतं आणि अंधूक उजेडाचा स्वच्छ. तेही बहुतेक वंशांना ६० फुटांपर्यंतच. आता अंधूक उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला (काही हेरण्याच्या प्रयत्नाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), म्हणजे पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरला जाणारा आकडा) सरळ ५ ने घटतं. तुमच्या एल्फचं (डार्कव्हिजन असलेल्या वंशाच्या पात्राचं) १४ असेल तर काळोख्या बोळात ते ९ धरायचं. वाटेत ताणलेली तार दिसायला १२ लागत असतील, तर पाय अडकलाच म्हणून समजा. हल्ल्याच्या फाशाला मात्र अंधूक उजेडाचा त्रास नाही. लढाई सुरळीत होते, म्हणून तर हा गैरसमज कुणाला खटकत नाही! शिवाय अंधारात रंग कळत नाहीत, सगळं करड्या छटांत. लाल बाटली कुठली नि हिरवी कुठली, हे विचारलंत तर डीएम (खेळ चालवणारा) फक्त हसेल.

‘मशाल कशाला?’ मशाल २० फूट स्वच्छ उजेड देते आणि त्यापुढे आणखी २० फूट अंधूक. माणसाला पहिले २० फूटच नीट दिसतात. एल्फसाठी पुढचं अंधूक कडंही स्वच्छच, म्हणजे पूर्ण ४० फूट, तेही रंगांसकट. एकाच मशालीचा फायदा डार्कव्हिजनवाल्याला दुप्पट. उजेडामुळे शत्रूला तुमचा पत्ता लागतो, हे खरं. म्हणून चोरपावलांनी पुढे जाणाऱ्याने अंधारातच जावं. दार-भिंती तपासताना मात्र मशाल पेटवावी.

‘ऊब दिसते.’ ती जुनी इन्फ्राव्हिजन. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती गेली आणि डार्कव्हिजन आलं.

‘जादूचा काळोख अडवत नाही.’ अडवतो. डार्कनेस मंत्राच्या १५ फूट त्रिज्येच्या गोळ्यातून डार्कव्हिजन आरपार जात नाही, आणि साधी मशालही तिथे उजेड पाडू शकत नाही. त्यासाठी वॉरलॉक या जादूगार पात्राची डेव्हिल्स साइट ही शक्ती किंवा ट्रूसाइट ही जादूच्या काळोखातही पाहणारी दृष्टी लागते. धुक्याचं तर बोलूच नका. तिथे अडचण उजेडाची नसतेच, त्यामुळे एल्फ आणि माणूस दोघेही सारखेच चाचपडतात.