‘किती शांत झाल्यात काकू!’

आज दुपारी ओळखीच्या एका कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आला. असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे मदतनीस असलेल्या वृद्धनिवासात, राहणाऱ्या काकूंचा. हॉलमध्ये व्हीलचेअर, केस चापूनचोपून विंचरलेले, मागे फुगे, शेजारी तिथली काळजी घेणारी हसरी मावशी. खाली बदामांचा पाऊस आणि सगळ्यांचं एकच पालुपद: ‘किती शांत झाल्यात काकू!’, ‘चेहऱ्यावर समाधान दिसतंय’, ‘जागा छान मिळाली हो’.

तीन महिन्यांपूर्वी याच काकू शेजारच्या खोलीतल्या टीव्हीच्या आवाजावरून भांडत होत्या. तेव्हा याच ग्रुपवर ‘आईची कटकट’ म्हणून हसण्यावारी नेलं होतं. भांडणारी बाई तीन महिन्यांत गप्प होते आणि आपण बदाम पाठवतो?

तो फोटो जरा मोठा करून बघा. आधीच्या प्रत्येक फोटोत कानामागे ऐकायचं मशीन आहे, आजच्यात नाही. पाण्याचा ग्लास टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला. व्हीलचेअरला फूटरेस्ट नाहीत, पाय लोंबकळतायत आणि अंग खुर्चीत पुढे घसरलंय. फुगे मात्र मोजून सहा.

आधी कानाचं बघू. मशीनची ती गोळीएवढी बॅटरी आठवडा-दोन आठवडे चालते. संपली की मशीन म्हणजे कानात ठोकलेलं बूच. मग माणूस ते स्वतःच उपटून काढतो, ते उशीच्या अभ्र्यात जातं आणि अभ्रा धुवायला जातो. मशीन चालू आहे का हे कळायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. चालू करून मुठीत धरा, शिट्टी वाजली पाहिजे. नाही वाजली तर बॅटरी संपलीय किंवा नळीत मळ अडकलाय. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. उलटसुलट बसवलं की टोचतं, म्हणजे पुन्हा उपटून काढणं आलंच. आणि ज्याला ऐकू येत नाही तो माणूस काय करतो? समोरच्याचे ओठ हलले की हसून मान डोलावतो. तुम्हाला दिसलेलं समाधान ते हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता तो ग्लास. वय वाढलं की तहान मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे ‘त्यांनी मागितलंच नाही’ हे उत्तर मला चालत नाही. हृदयासाठी किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाकाठी दीडेक लिटर द्रव पोटात गेलं पाहिजे. ते भरलेला तांब्या उशाशी ठेवून जात नाही. संधिवाताच्या बोटांना तो उचलतच नाही. प्रत्येक वेळी खोलीत गेल्यावर शंभर-दीडशे मिली हातात द्यायचं आणि प्यायलेलं बघूनच बाहेर पडायचं, तेव्हा कुठे बेरीज जमते. अर्धांगवायू झालेला असेल तर ग्लास चालत्या हाताच्या बाजूला. काहींना झटक्यानंतर डावी बाजू जाणवतच नाही. डोळे शाबूत असतात, पण ताटाची डावी अर्धी बाजू जशीच्या तशी राहते आणि वहीत लिहिलं जातं, ‘भूक कमी’. ताट अर्धं फिरवलं असतं तर उरलेलं संपलं असतं!

काही ठिकाणी पाणी मुद्दाम कमी देतात, हे उघड बोललं पाहिजे. पाणी कमी म्हणजे डायपर कमी. एकावर एक दोन डायपर बांधलेले दिसले तर समजून जा, मधली एक बदली वाचवलीय. त्वचा भिजते, कुजते, आणि लघवीचा संसर्ग आयता येतो.

आणि गोळ्या. इथे माझं डोकं फिरतं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेला माणूस संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतो, फेऱ्या मारतो, ओरडतो. त्याला काहीतरी हवं असतं: दुखत असतं, लघवी लागलेली असते, भीती वाटत असते. ते शोधायला माणूस नसला की गोळी येते. २००५ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, नव्या पिढीतल्या अँटिसायकोटिक (मनोविकारांवरच्या) औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. २००८ मध्ये जुन्या पिढीतल्या औषधांनाही तो लागू केला. म्हणजे हे गुपित नाही. कधीकधी ती द्यावी लागतात, मान्य. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर डॉक्टर देतीलच. पण मग कमीत कमी डोस, ठरावीक मुदत आणि ‘बंद कधी करायची’ ही तारीख हवी. चार्टवर ‘गरज लागल्यास’ असं लिहिलेली एकेक गोळी बघा. महिन्यात किती वेळा दिली, किती वाजता, कारण काय लिहिलंय? ठरावीक रात्रींनाच दिलेली दिसली तर त्या रात्री ड्यूटीवर किती माणसं होती ते विचारा. मात्र चिडून गोळी स्वतःच बंद करू नका. काही औषधं एकदम तोडली की भलतंच होतं. डॉक्टरांशी बोलूनच.

पण सगळ्यात जास्त फसवतो तो डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा भ्रम. माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बदलतो, सकाळी बरा असतो, दुपारी भ्रमात. याचे दोन चेहरे असतात. एक आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा. त्याच्यासाठी लगेच डॉक्टर येतो. दुसरा गुपचूप पडून राहणारा, घास तोंडात तसाच धरून बसणारा. त्याचं कौतुक होतं. ‘आज अजिबात त्रास दिला नाही हो आजींनी.’ यामागे संसर्ग असतो, पाणी कमी झालेलं असतं, नवीन औषध असतं, तुंबलेली लघवी असते, कधी न्यूमोनिया असतो, तोही ताप न येता. ओळखायचं कसं? वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा, डिसेंबरपासून. कालपरवापर्यंत जमत होतं आणि आज दोन महिन्यांची नावं घेऊन गाडी भरकटते, तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘वयोमानाने होतं’ हे वाक्य ऐकून फोन ठेवू नका.

बद्धकोष्ठ हा शब्द कुणाला फेसबुकवर वाचायचा नसतो, तरी लिहिते. मल आत दगडासारखा साठला की त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. डायपरमध्ये ते दिसतं, कोणीतरी म्हणतं ‘जुलाब’, आणि जुलाब थांबवायची गोळी दिली जाते! पोट फुगतं, जेवण सुटतं, माणूस गप्प होतो. शौचाची वही रोज भरली जाते का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. तीन दिवस कोरे असतील आणि चौथ्या दिवशी ‘जुलाब’ लिहिलं असेल तर गोळीच्या आधी तपासणी मागा.

दुखण्याचंही तेच. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं पाच ठिकाणी बघायचं असतं: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर निवळतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. हे बसल्या जागी नाही, कूस बदलताना बघायचं. शांत पडलेल्या माणसाची कूस बदला, मग कळेल तो किती शांत आहे.

पुन्हा फोटोकडे येते, कारण ते लोंबकळणारे पाय डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पायाला आधार नसला की शरीर पुढे घसरतं. कातडी खुर्चीला चिकटून राहते, आतलं हाड सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. माकडहाडावरच्या बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, ही सुरुवात. वरची कातडी अजून धड दिसते तेव्हा आत नासायला लागलेलं असतं. लाल डाग बोटाने दाबा, पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर पहिली पायरी झाली. सावळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसत नाही, त्यामुळे हाताच्या पाठीने चाचपायचं: आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा पिलपिलीत लागतंय का. त्या जागी चोळायचं नाही. मधे भोक असलेली रबरी रिंग नकोच, ती कडेने रक्त अडवते. टाचांसाठी उशी पोटरीखाली, म्हणजे टाच हवेत राहते. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं करू नका, तीस अंशांचा कल पुरे. नाहीतर सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं.

‘आमच्याकडे एअर मॅट्रेस आहे’ असं अभिमानाने सांगतात. आहे, पण पंप चालू आहे का? वजनाप्रमाणे दाब लावलाय का? हात पालथा नाही, तळवा वर करून कमरेच्या खाली, गादीच्या बुडाशी सरकवा. हाड हाताला लागलं तर गादी बसलीय. निदान बोटभर, इंचभर हवा मधे हवी. त्यावर चादर, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर जाडजूड पॅड घातलं की एअर मॅट्रेसचे पैसे पाण्यात.

बरं, आता त्या मावशीबद्दल. इतकं लिहून झाल्यावर फोटोतली ती हसरी मावशी नजरेत आली आणि राग थोडा उतरला. तिचा हिशोब मांडा. रात्री एकटीकडे बारा जण. प्रत्येकाचा डायपर बदलणं, पुसणं, कूस बदलणं मिळून दहा मिनिटं, तीही कोणी झटापट केली नाही तर. बारा दाहे एकशे वीस. म्हणजे पहिली फेरी संपली तेव्हा दोन तास होऊन दुसरी सुरू. मधे बेल वाजली, कोणी पडलं, कोणी उलटी केली तर? काहींना तर उचलायला दोघी लागतात. म्हणून मग चार्टवर १०, १२, २, ४ अशा सरळ रेषेत खुणा पडतात, एकाच पेनने, एका दमात. खऱ्या चार्टवर १०.१० असतं, १२.२५ असतं, मधेच ‘झोपल्या होत्या, नंतर केलं’ असतं. दोष तिचा नाही, रात्रीची माणसं ज्याने ठरवली त्याचा. तिच्यावर आवाज चढवून काही होत नाही, उलट तुम्ही गेल्यावर त्या खोलीत तीच असते.

नातेवाइकांनाही मी झोडपणार नाही. आईला ठेवलं म्हणून चार लोक टोमणे मारतात, त्यात ही भर कशाला. आणि हो, घरी ठेवलेल्यांचेही बेडसोर पाहण्यात येतात. घर म्हटलं की काळजी चांगलीच, असं काही नसतं. लांब राहणाऱ्यांना वरचेवर जाता येत नाही, हेही कबूल. मग व्हिडिओ कॉल तरी डोळसपणे करा. ‘बरी आहेस ना?’ एवढंच विचारून ठेवू नका. मावशींना म्हणा, ग्लास कुठे आहे दाखवा, बेलची दोरी हाताला येते का दाखवा, टाचा दाखवा. वेळ बदलत राहा. जाणार असाल तर रविवारी संध्याकाळी, ड्यूटी बदलण्याच्या सुमारास, न कळवता.

वजनाची वही मात्र मागाच. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर ती धोक्याची घंटा. ५० किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो गेलं तर साडी नेसवलेल्या फोटोत ते कोणालाही दिसत नाही. कधी कारण साधं निघतं: कवळी सैल झालीय, किंवा दुसऱ्याचीच लावलीय. हसू नका, सगळ्या कवळ्या एका भांड्यात धुतल्या की होतं. कवळीवर नाव घालून मिळतं, ते घालून घ्या.

तक्रार करताना ‘लक्ष देत नाही तुम्ही’ असं म्हणू नका, त्याला ‘देतो की’ एवढंच उत्तर असतं. तारीख, वेळ, काय दिसलं, काय बदल हवा आणि पुन्हा कधी बघणार, हे इनचार्जना लिहून द्या. ‘मंगळवारी सव्वासातला ग्लास हाताबाहेर, मशीन कानात नाही, फूटरेस्ट नाहीत.’ याला ‘देतो की’ म्हणता येत नाही.

काही माणसं खरंच रुळतात, शांत होतात, ओळखी काढतात, हेही खरं. पण ती शांत माणसं बोलतात. जेवताना कुरकुर करतात. तुमच्या शर्टावरचा डाग दाखवतात.

एवढं टाइप करेपर्यंत काकूंच्या मुलाचा मेसेज आला. मी ग्रुपवर कोणाच्याच कौतुकाला उत्तर दिलं नव्हतं, त्याला वेगळं विचारलं होतं, मशीन कुठे आहे म्हणून. म्हणतो, ड्रॉवरमध्ये आहे म्हणतायत, उद्या सकाळी जातो. अरे, जा. जाताना बॅटरी घेऊन जा, पण आधी तिथल्या मावशींना मशीनचं झाकण उघडायला सांगून आकार विचार. पाकिटावर रंग असतो: तपकिरी असेल तर ३१२ नंबर, केशरी असेल तर १३. चिकटपट्टी काढल्यावर लगेच बसवू नकोस, तिला हवा लागायला चार-पाच मिनिटं दे. मग कानात घाल, आणि आधी तू बोलू नकोस. त्यांना बोलू दे.